धाकट्याची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. चार पायांची, बिनहाताची, अगदी साधी.

दोन भावांच्या सुतारकामाच्या दुकानात माझा जन्म झाला. पाय थोरल्याने केले, पाठ धाकट्याने. थोरला एकेक सांधा तीनदा मापायचा. धाकटा एकदा मापून लगेच करवत उचलायचा, म्हणून सगळे त्याला ‘झटपट’ म्हणत. माझी पाठ डावीकडे किंचित कलली आहे ती त्या घाईमुळेच.

“ही गिऱ्हाइकाला कशी द्यायची?” थोरला वैतागला.

“मला दे, दादा. मीही जरा तिरकाच आहे,” धाकटा म्हणाला.

तेव्हापासून मी थोरल्याच्या घरी जेवणाच्या टेबलाशी राहिले. धाकट्याचं लग्न झालं नव्हतं. दोन्ही वेळा तो वहिनीच्या हातचं जेवायचा, माझ्यावर बसून.

एका शनिवारी जाड फळी कापायची म्हणून त्याने यंत्राच्या करवतीवरचा, हात वाचवणारा पत्रा काढला आणि परत बसवायला विसरला. सोमवारी थोरल्याने सवयीने हात पुढे केला. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढच्या रविवारी, हाताला पट्टी असतानाच, थोरला चर्चमध्ये उपासनेत उभा राहिला. साऱ्या मंडळीसमोर म्हणाला, “प्रभूने मला क्षमा केली, मीही माझ्या भावाला क्षमा केली आहे.” पाळकसाहेबांनी दोघांना जवळ घेतलं, बायकांनी डोळे पुसले, असं वहिनी घरी आल्यावर सांगत होती. त्या दुपारी धाकटा माझ्यावर बसला तेव्हा आपलं निम्मं वजन कुठेतरी उतरवून आल्यासारखा वाटला.

पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

“मीठ सरकव रे,” थोरला म्हणाला. “तुझे हात धड आहेत.”

मग हे रोजचंच झालं. प्रार्थनेसाठी हात जोडताना तो डावा पंजा जरा वरच धरायचा. पाव किती उरलेत असं वहिनीने विचारलं, तर म्हणायचा, “मला नका विचारू. माझी मोजणी आठवर संपते.”

धाकटा ताटात बघून हसायचा. त्याचे पाय माझ्या पायांना घट्ट विळखा घालून बसलेले असत, ते फक्त मला कळायचं.

एकदा वहिनीने न राहवून म्हटलंच. “अहो, माफ केलंत ना? मग रोज तेच काय उगाळता?”

“मी काय बोललो? माझीच बोटं मोजतोय.”

“मोजून वाढणार आहेत का ती?”

हळूहळू धाकट्याचं घरी येणं कमी झालं. वहिनी त्याचा डबा दुकानात पाठवू लागली. मी रिकामी राहिले. मग एके दिवशी थोरल्याने मला दुकानात नेलं आणि माझ्यावर पॉलिशचे, सरसाचे डबे रचले. “अडगळ नुसती. निदान कामाला तरी येईल.” धाकट्याने ते पाहिलं. आपला जेवणाचा डबा घेऊन तो खोक्यावर जाऊन बसला.

आता मी जे सांगते ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. रोज सकाळी धाकटा अर्धा तास आधी यायचा. माझ्यावरचा एकेक डबा उचलायचा. पॉलिश कडेला वाळलं की झाकण चिकटून बसतं आणि तीन बोटांत डबा धरून ते निघत नाही. तो प्रत्येक झाकण उघडायचा, कड खरवडून पुसायचा, तिच्यावर मेण फिरवायचा आणि झाकण अलगद बसवून ठेवायचा. नवा डबा आला की आधी त्यालाही मेण लावायचा. घाईचा माणूस, पण हे काम त्याने कधी घाईने केलं नाही.

“हल्ली कारखानेवाले झाकणं बरी करायला लागलेत,” थोरला एकदा म्हणाला.

“हो, दादा,” धाकटा म्हणाला.

असं चार वर्षं चाललं. मग त्याला ताप आला, तो छातीत उतरला, आणि नवव्या दिवशी तो इस्पितळातच वारला. अंत्यविधीला थोरला ताठ उभा होता म्हणे. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला. पुढे पाच आठवडे डबे सहज उघडत राहिले.

सहाव्या आठवड्यात नवा डबा आला. दोन दिवस वापरल्यावर झाकण चिकटलं. थोरल्याने तो छातीशी धरला, मग गुडघ्यांत धरला, पेचकस घातला. डबा निसटून जमिनीवर घरंगळला. त्याने शिवी हासडली आणि माझ्यावरचा जुना डबा उचलला. झाकण बोटाच्या धक्क्याने निघालं. त्याने कडेवरून बोट फिरवलं. बोटाला मेण लागलं. दुसरा डबा पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे मेण.

वहिनी जेवण घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता.

“मी त्याला बघायला इस्पितळात गेलो ना,” तो म्हणाला, “तेव्हा नर्सने विचारलं, हाताला काय झालं? मी म्हटलं, याला विचारा. तेच त्याने ऐकलेलं माझं शेवटचं बोलणं.”

वहिनी त्याच्याजवळ बसली.

त्या संध्याकाळी त्याने मला धुतलं, पुसलं आणि घरी आणलं. आता मी पुन्हा टेबलाशी आहे. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ‘जशी आम्ही इतरांना क्षमा केली’ ही ओळ आली की थोरला थांबतो. ती ओळ वहिनी एकटीच म्हणते. तो आपला तीन बोटांचा हात माझ्या कललेल्या पाठीवर ठेवतो.

माझं एवढंच मागणं आहे. उपासनेत उभं राहून दिलेली माफी मोठी खरी, पण ती सोमवारी मीठ मागतानाही द्या. ज्याला द्यायची तो खुर्चीवर बसलेला असतानाच द्या.

परवा एका पाहुण्याने विचारलंच, “मिस्त्री, बोटं कशी गेली?”

“करवतीने,” थोरला म्हणाला. मग थांबून म्हणाला, “माझा भाऊ रोज मला डबे उघडून द्यायचा.”

चार वर्षांहून जास्त मी या वाक्याची वाट पाहिली. ते आलं तेव्हा माझ्यावर कुणी बसलेलं नव्हतं.