कविताने दिलेली तिसरी चावी

मी एक जुनी पितळी चावी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू का, मला माझीच लाज वाटते. आत्मवृत्त सांगणारे आधी स्वतःचं कौतुक करतात. मीही थोडं करीन, पण शेवटी जे सांगायचं आहे त्यात कौतुकाला जागा नाही.

आम्ही तिघी बहिणी. एकाच मापाच्या, एकाच कारखान्यात कानशीखाली दात काढून घेतलेल्या. नव्या लॅचबरोबर आम्हाला डब्यात घालून डहाणू रोडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात ठेवलं होतं. तिथून कविताने आम्हाला आणलं. कविता सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर-सासर दोन्ही तलासरीकडच्या डोंगरातलं, भात-नाचणी पिकवणारं. नवरा वारल्यावर ती मुलीला, रविनाला, घेऊन डहाणूच्या मसोलीत भाड्याने राहायला आली. घर वसुमतीकाकींचं. पुढच्या खोल्यांत काकी, मागच्या दोन खोल्यांत या मायलेकी. मागच्या दाराचं जुनं लॅच बिघडलं होतं, म्हणून कविताने स्वतः नवीन बसवून घेतलं. म्हणजे नीट ऐका, मी घरमालकिणीची चावी नव्हतेच. मी कविताची.

एक बहीण कविताच्या पर्समध्ये गेली. दुसरी रविनाच्या गळ्यात, दोऱ्यात ओवून. कविताला बहुतेक वेळा रात्रपाळी असायची. सकाळी यायची, दोन घास खाऊन आडवी व्हायची. रविना दुपारी शाळेतून यायची आणि आईला न उठवता आपली आपण दार उघडायची. म्हणून कविता आतून कडी लावत नसे. हे लक्षात ठेवा.

आणि मी? मला कविताने काकींच्या हातात दिलं. कोणी मागितलं नव्हतं. "काकी, ही राहू द्या तुमच्याकडे. मी ड्युटीवर असले, पोरगी शाळेत असली, कधी काही झालंच तर?" काकींनी मला देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. मसोलीत असंच चालतं. शेजारणीकडे चावी नसली तर ती कसली शेजारीण?

चार वर्षं मी तिथे मानाने राहिले. एकदा गॅसचा वास आला. काकी धावत गेल्या, मला फिरवून दार उघडलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघड्या टाकल्या. संध्याकाळी कविता मला हातात घेऊन म्हणाली, "हिच्यामुळे घर वाचलं हो काकी." असं बोलणं कानावर पडलं की चावीलाही बरं वाटतं. काकींची एक सवय होती. आत कोणी नाही हे माहीत असलं तरी दारावर दोनदा टकटक करायच्या आणि हाक मारायच्या, "कविता, येऊ का गं?" मला हसू यायचं. रिकाम्या घराला कसलं विचारता, बाई?

मग काकी पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची लेक, कीर्ती, त्यांना वापीला घेऊन गेली. घराचं सगळं मुलाच्या हाती आलं. रोशन त्याचं नाव. शनिवार-रविवारी यायचा, कधी मधल्या वारीही. त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवलं, घर विकायचं. विकू दे की! त्याच्या आईचं घर, आईचीही ना नव्हती. कवितालाही त्याने सांगितलं, आणि तीही म्हणाली, "विका. माझ्या कराराचे पाच महिने राहिलेत, तोवर मी दुसरं बघते." इथवर कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

एका दुपारी रोशनने मला खिळ्यावरून काढून खिशात टाकलं. बरोबर मुकेश दलाल होता आणि वापीचं एक जोडपं. कविताला तेव्हा दिवसपाळी होती, रविना शाळेत होती, घरात कोणी नव्हतं. मुकेशने कपाटं उघडून दाखवली, मोरी दाखवली, सगळे बूट घालून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत गेले. मला वाटलं, कविताला फोन केला असेल. कुठला फोन! पुढच्या पंधरा दिवसांत अशा आणखी दोन फेऱ्या झाल्या. कपाटातले कपडे मुकेश हाताने बाजूला सारायचा. आत किती खोल आहे ते दाखवायला.

चौथ्या खेपेला मुकेश दाराशी म्हणाला, "शेठ, हळू. आत झोपलीय बहुतेक. बाहेर चपला आहेत."

रोशनने मला अगदी हळू फिरवलं. मित्रांनो, मी अडकू शकले असते. गंजलेल्या चाव्या अडकतात, वाकड्या झालेल्या अडकतात. मी मेली गुळगुळीत. आवाजसुद्धा केला नाही.

कविता खाली गादीवर झोपली होती. रात्रभर उभी राहिलेली बाई जशी झोपते तशी. केस सुटलेले, गाऊन गुडघ्यापर्यंत सरकलेला, तोंड उघडं. घर बघायला आलेली बाई दारातच थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या झोपल्यात. चला बाहेर." मुकेश कुजबुजला, "भाडोत्री आहे, दोन मिनिटांचं काम आहे." आणि त्याने मोबाईल वर धरून खोलीभर फिरवला. भिंती, खिडकी, पंखा, गादी. रोशन बघत होता. तो काही वाईट चालीचा माणूस नाही, असं लोक म्हणतात. त्याने फक्त काही म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी कविता पुढच्या खोलीत आली. मी टेबलावर पडले होते. मुकेशही बसला होता. कविताचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

"आमच्या दवाखान्यातल्या दक्षा सिस्टरच्या नवऱ्याला घर हवंय," ती म्हणाली. "त्यांच्या घर-खरेदीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. तिने मला दाखवला. कविता, ही तूच ना गं, म्हणाली."

रोशनने मुकेशकडे बघितलं. "अहो ताई, घर विकायचं तर दाखवायला नको?"

"दाखवा ना. आदल्या दिवशी फोन करा. मी उठून बसते, चहासुद्धा करते तुमच्या पाहुण्यांना. मी कधी नाही म्हटलंय?"

"तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून नाही उठवलं. आणि घर आमचंच आहे ना शेवटी."

"घर तुमचं आहे, रोशनभाऊ. झोपलेली मी आहे."

मग ती म्हणाली, "महिनाभर मी बघतेय. कपाट उघडं, कपडे विस्कटलेले, ओट्यापाशी चिखलाचे पाय. रविनाला विचारलं तर म्हणते, आई, मी नाही. मी तिला मारलं. दोनदा मारलं. म्हटलं, वर खोटं बोलतेस? नऊ वर्षांची आहे ती. शेवटी शेवटी म्हणायला लागली, हो आई, मीच केलं."

अरे देवा! त्या क्षणी मला कोणी भट्टीत टाकलं असतं तर बरं झालं असतं. ते पाय कोणाचे, हे मला माहीत होतं. त्यांना आत मीच घेतलं होतं, आणि मार त्या पोरीने खाल्ला.

"तो व्हिडिओ काढा," कविता म्हणाली.

"माझ्या मोबाईलमधून काढतो," मुकेश म्हणाला. "पण ग्रुपवर गेलेला आता कुठे कुठे गेला असेल, ताई? तो कसा परत आणू?"

रोशनने आईला फोन लावला, स्पीकरवर. त्याला वाटलं, आई समजूत काढील. कवितालाही वाटलं असणार, काकी तरी आपल्या बाजूने बोलतील. सगळं ऐकून काकी म्हणाल्या, "अगं, रोशन काय परका आहे का? चोरी तर नाही ना झाली काही? एवढं नको मनाला लावून घेऊ."

आयुष्यभर दार वाजवून आत जाणारी बाई! मुलाचं नाव आलं आणि सगळं विसरली. कविता हलकेच "बरं काकी, जपा" म्हणाली आणि तिने रोशनपुढे हात केला. "चावी."

त्याने मला तिच्या तळहातावर टाकलं. "घ्या. तुम्ही दारातून परत पाठवलं म्हणून गिऱ्हाईक गेलं तर बघा."

चार वर्षांनी मी माझ्या घरी निघाले होते. वेडी मी, मला आनंद झाला. पण संध्याकाळी सुतार आला. त्याने जुनं लॅच उचकटून काढलं आणि नवीन बसवलं. कविता त्याला म्हणाली, "एवढ्या दिवसांत त्यांनी हिची दुसरी करून घेतली नसेल कशावरून?" बरोबरच बोलली. मला खिळे-स्क्रूंच्या डब्यात टाकलं. नव्या लॅचलाही तीन चाव्या होत्या. तिसरी कविताने कपाटात, साड्यांच्या खाली, खोल ठेवली.

आता रोशन आदल्या दिवशी फोन करतो. रविवारी अकरा वाजता लोक येतात, कविता उभी राहून घर दाखवते, लोक जातात. म्हटलं तर ती जिंकली. पण दुपारी काय होतं ते मी फळीवरच्या डब्यातून रोज बघते. रविना शाळेतून येते, दार लावते आणि कडी घालते. मग दप्तर काढून, दाराला पाठ लावून जमिनीवर बसते आणि तिथेच गृहपाठ करते. आई उठेपर्यंत जागची हलत नाही. बाहेर कोणाची चप्पल वाजली की तिची पेन्सिल थांबते. कविता तिला शंभरदा म्हणाली, "माझंच चुकलं गं बाळा, तू खोटं नव्हतीस बोलली. ऊठ, पंख्याखाली बस." ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कोणी भाड्याने राहत असेल आणि त्यांची चावी तुमच्या खिळ्यावर असेल, तर ती आजच त्यांना परत देऊन या. घर विकायचं असेल तर खुशाल विका, पण आधी विचारा आणि त्यांनी या म्हटल्यावर आत जा. आणि तुमच्यापैकी कोणी मसोलीला आलात तर रविनाला एवढं सांगा, बाळा, आता दाराला टेकून बसायची गरज नाही. मी सांगितलं असतं. पण माझ्यावर तिने का विश्वास ठेवावा?