सहा बोटं सावली

पंधरा मेला दुपारी बारा वाजून तेहतीस मिनिटांनी आमच्या शाळेच्या पटांगणात कोणाचीच सावली पडत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली शिरते. वर्षातून हे दोनदा होतं, पण जुलैत होतं तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून आमचा दिवस मे महिन्यातला. शाळेला सुट्टी असते, तरी त्या दिवशी फाटक उघडतं. ही रीत गोपाळकृष्ण सरांनी घातली. सरांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, रीत चालू आहे. जुने विद्यार्थी येतात, झेंड्याच्या खांबाभोवती चुन्याने आखलेल्या मोठ्या वर्तुळावर उभे राहतात आणि वाट बघतात.

मी पाचवीच्या वर्षी पहिल्यांदा उभी राहिले. मला वाटलं होतं, सावली गेली की माणूस सुटतो. आपल्याला जमिनीशी बांधून ठेवणारी दोरी तीच. म्हणून मी शेजारच्या मंगळीचा हात घट्ट धरला होता. सगळे "गेली, गेली" म्हणून ओरडले, मीही ओरडले, आणि क्षणभर टाचा उचलल्या गेल्याचं मला स्पष्ट जाणवलं. पुढे मी रसायनशास्त्र शिकले. साजगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं नमुने तपासते आहे. पण ते पटांगण स्वप्नात येतं तेव्हा आम्ही सगळे अजूनही जमिनीपासून बोटभर वर असतो. ऊन पांढरं असतं, आवाज नसतो, आणि कोणीच मोठं झालेलं नसतं.

माझ्या मुलीने, ऋजुताने, या शाळेत यावं अशी माझी फार इच्छा होती. ती खोपोलीत इंग्रजी शाळेत जाते. चौथी झाली. आमची शाळा पाचवीपासून आहे, म्हणजे आणायचं तर याच वर्षी. अजेय, माझा नवरा, डोंबिवलीचा. तो म्हणाला, "तुझी शाळा तुझी आहे, उमा. तिला विचार." मी एप्रिलमध्येच प्रवेशाचा अर्ज आणून निळ्या शाईने भरून ठेवला होता. फक्त पालकाची सही राहिली होती. ऋजुताशी माझा करार झाला होता : तिने पंधरा मेला यायचं, शाळा बघायची आणि तिथेच हो किंवा नाही सांगायचं.

"मी नाही म्हणाले तर?" स्कूटरवर मागून तिने विचारलं.

"तर नाही."

"रागावणार नाहीस?"

"नाही."

"रडणार?"

"स्कूटर चालवताना प्रश्न विचारू नयेत."

"म्हणजे रडणार," ती म्हणाली, आणि तिने माझ्या पाठीला गाल लावला.

रूळ ओलांडले की रस्ता एकदम शांत होतो. शेतं भाजून काळी झाली होती. बांधावर एकच बहावा, सगळा पिवळा. त्याच्यामागे सोंडाईचा डोंगर धुरकट, जणू कोणी पाण्यात बुडवलेल्या बोटाने रेखलेला. मी वळणावर नेहमीसारखा वेग कमी केला. इथून शाळेची कौलं दिसतात. दर वेळी वाटतं, ती दिसणार नाहीत, आणि दर वेळी ती असतात.

पटांगणात चाळीस-पन्नास माणसं आली होती. आंब्याखाली पाण्याची पिंपं, घमेल्यात करवंदं. ऋजुताचा हात धरून मी आत शिरले आणि सगळीकडून हाका आल्या.

"उमाची मुलगी ना गं तू?"

"अगदी उमाच! नाक बघ, नाक."

"उमासारखी पहिली येतेस का नाही?"

ऋजुता प्रत्येकाकडे बघून मान हलवत होती. मी मात्र तरंगत होते. तिला मी माझा बाक दाखवला. गुळगुळीत झालेला उंबरठा दाखवला, विहीर दाखवली, प्रयोगशाळेच्या खिडकीतली हिरव्या काचेची बाटली दाखवली. तिच्यात काय आहे हे आमच्या वेळीही कोणाला माहीत नव्हतं.

"अजून कोणी तपासलं नाही?" ऋजुताने विचारलं.

"नाही."

"तू तर नमुने तपासतेस."

मला हे कधी सुचलंच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात मंगळी मोठ्या पातेल्यातला भात उलथत होती. ती डोंगरातल्या ठाकरवाडीतून रोज चालत शाळेत यायची, माझ्या शेजारी बसायची. आता शाळेत मुलांचं दुपारचं जेवण तीच रांधते, आणि आजच्या दिवशी आमचं.

"आली का उमे! आन ही तुजी?" तिने ऋजुताला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बारीक हाय गं. जेवत नाय का ही?"

"जेवते," ऋजुता म्हणाली.

"मग आज बगते मी."

मी हळूच सांगितलं, "हिला इथे घालायचं म्हणतेय. पाचवीत."

मंगळीने उलथनं थांबवलं. "हितं? खोपोली सोडून?"

"का? तुझी निशिगंधा नाही का इथे?"

"नाय बा. तिला मी कर्जतला हॉस्टेलात टाकली. रडली चार दिस. आता सुट्टीला आली तरी करमत नाय तिला." तिने पदराने कपाळ पुसलं. "मी हितंच शिकले, हितंच रांधते. पोरीनं पन हितंच बसायचं? तुला ही शाळा लांबनं दिसते, उमे. लांबनं समदं गोड दिसतं."

मला राग आला. मंगळीचा नाही, कशाचा तरी. मी म्हटलं, "बारा पंचवीस झाले, चल."

सर खुर्चीत बसले होते, वर्तुळाच्या बाहेर, आंब्याच्या सावलीच्या कडेला. डोक्यावर ओला पंचा, हातात जुनं घड्याळ. नजर आता अगदी अधू झाली आहे. घड्याळ ते डोळ्यांपासून चार बोटांवर धरतात. मांडीवर सावलीची वही. दर वर्षाची एक ओळ : तारीख, वेळ, आभाळ, हजर माणसं, आणि शेवटी 'सावली : शून्य'. अडतीस ओळी, सगळ्या सरांच्याच अक्षरात.

आम्ही वर्तुळावर उभे राहिलो. मंगळी हात पुसत माझ्या डाव्या बाजूला आली, ऋजुता उजवीकडे. मी दोघींचे हात धरले. मंगळी हसली. "अजून उडायची भीती का गं?"

नियम असा की चुन्याच्या रेषेच्या आत कोणी जायचं नाही. मधे खांब आणि खांबाखालचा सिमेंटचा चौथरा, एवढंच.

"तीस," सर म्हणाले.

बोलणं थांबलं. ऊन इतकं सरळ पडत होतं की माणसांचे चेहरे वेगळेच दिसत होते, डोळ्यांच्या जागी अंधार आणि नाकावर उजेड. केसांची कडा पेटल्यासारखी. कुठेतरी दूर गाडी गेली, पण तिचा आवाजही वरूनच आल्यासारखा वाटला.

"एकतीस."

माझी सावली माझ्या चपलांपाशी येऊन गोळा झाली होती. मी खाली बघत होते. सगळेच आपापल्या पायाशी बघत होते. ऋजुताने तिची स्टीलची पाण्याची बाटली पुढे जमिनीवर उभी केली, रेषेच्या जरा आत. मी ती तशीच राहू दिली.

"बत्तीस."

मी डोळे मिटले. पंचवीस वर्षं मागे जायला तेवढं पुरतं. मंगळीचा हात तेव्हाही असाच खरखरीत होता.

"तेहतीस."

"गेली!" पन्नास आवाज एकदम उठले. "गेली, गेली!" मीही ओरडले. टाचा हलक्या झाल्या.

"नाही गेली," ऋजुता म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण ओरडणं संपून जी शांतता होते, नेमकी तिच्यात ती बोलली.

"बाटलीची गेली. खांबाची नाही गेली. ती बघा, विहिरीकडे."

सगळ्यांनी पाहिलं. चौथऱ्यावर, खांबाच्या बुंध्यापासून विहिरीच्या दिशेला, एक काळपट पट्टी होती. टोकाला पुसट. गंजाचा डाग म्हणावा अशी. आणि मला एकदम आठवलं की मी तो डाग पाहिला होता. पाचवीतही पाहिला होता. मी त्याला डाग ठरवलं होतं.

"पोरी, गप्प," मागून कोणीतरी म्हणालं. "सरांसमोर..."

"कोण बोललं ते?" सरांनी विचारलं.

"उमाची मुलगी, सर."

"तिला नाव असेल ना."

"ऋजुता," ऋजुता म्हणाली.

"ऋजुता, बाटलीची पूर्ण गेली?"

"हो. आजूबाजूला अजिबात नाही."

"म्हणजे सूर्याचं काही चुकलेलं नाही." सर खुर्चीत पुढे सरकले. "आत जा. किती उरली ते मोज. लवकर, ती थांबणार नाही."

ऋजुता रेषा ओलांडून धावली. चौथऱ्यावर गुडघे टेकून तिने बोटं लावली. "सहा बोटं! माझी!"

"बोटं सगळ्यांची वेगळी. कागदावर उतरव."

"आई, कागद!"

मी पर्स उघडली. तिच्यात एकच कागद होता. मी तो चार घड्यांतून सोडवला, आत गेले आणि कोरी बाजू वर करून चौथऱ्यावर ठेवला. ऋजुताने त्याची कड खांबाला लावली. माझ्याच पेनाने, त्याच निळ्या शाईने, तिने सावलीच्या कडेने रेघ ओढली. पेनाचं टोक टोकाशी पोचेपर्यंत सावली केसभर सरकली होती. तिने तेही टिंब देऊन दाखवलं. मी कागद धरून बसले होते. कागद तापला होता.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सरांचा पंचा मांडीवर पडला होता.

"हा खांब मी उभा केला," ते म्हणाले. "दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला होता. वारा होता त्या दिवशी. दगड थांबेना. मी म्हटलं, जरा कलला तर चालेल." ते जरा हसले, मग हसणं थांबलं. "आणि नंतर मी कधी खांबाकडे बघितलंच नाही. त्या मिनिटाला मी पोरांच्या तोंडाकडे बघायचो."

मंगळी म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, सर."

"काय?"

"चौथऱ्यावर पानी मारायचं काम माझंच व्हतं ना. तवा तीन बोटं व्हती. आता वाढली म्हना."

"मग बोलली का नाहीस?" हे मी विचारलं.

"तुमी समदी येवडी खूश. सर खूश. आन तू माझा हात धरून उबी, उडशील म्हनून. तुला काय सांगायचं, खाली हायेस म्हनून?"

आधी सर हसले, मग सगळं वर्तुळ हसलं. मलाही हसू आलं.

सरांनी वही उघडली आणि पेन ऋजुतापुढे धरलं. "तू लिही. शून्य लिहू नकोस." तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली, माणसं मोजून एक्कावन्न लिहिली. मग 'सावली : सहा बोटं (ऋजुताची)'.

"आणि तो कागद इथे चिकटवायचा," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी ताडून बघायला." त्यांनी कागद हातात घेतला, बोटांनी चाचपला. "मागे काहीतरी लिहिलंय. कामाचा आहे का, उमा?"

मी ऋजुताकडे पाहिलं. तिला अर्ज ठाऊक होता; घरी तिने तो वाचला होता. ती माझ्यासमोर उभी होती, कपाळावर घाम, गुडघ्यांना चुना. इतकी सुंदर ती या पटांगणात दिसत होती की मला वाटलं, आता ती हो म्हणणार. आता तर नक्कीच.

तिने बाटलीचं झाकण फिरवलं. "चिकटवू दे, आई," ती म्हणाली. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं : "मला ही शाळा आवडली. खरंच. पण इथे मी आले ना, तर सगळे तुलाच बघतात."

ऊन तसंच होतं. माझ्या पायाशी, पूर्वेच्या बाजूला, नखाएवढी काळी कोर बाहेर आली होती.

"नाही सर," मी म्हटलं. "कामाचा नाही. चिकटवा."

डिंक कोणाकडे नव्हता. मंगळीने पातेल्यातली शितं आणली, तळहातावर चुरडली आणि कागदाच्या छापील बाजूला बोटाने फासली. माझं नाव, अजेयचं नाव, वरच्या ओळीत ऋजुताचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळ्यावरून तिचं बोट फिरलं. मग तिने कागद वहीत उलटा दाबला. वर राहिली ती निळी रेघ आणि टोकाचं टिंब.

"सुकू द्या आता," ती म्हणाली. "आन तू चल गं बारीक. पान वाढते. बगूया किती जेवतेस."

ऋजुता तिच्यामागे गेली. मी वही उन्हात धरून उभी राहिले, पानं वाऱ्याने चिकटू नयेत म्हणून. शितांचा वास येत होता. स्वयंपाकघरातून मंगळीचा आवाज आला, "नाव काय म्हनालीस?" आणि ऋजुताने ते पुन्हा सांगितलं.