सफरचंदावरची फुली

बहरीनमध्ये शरद ऋतू आपणहून येत नाही. ऑक्टोबरात कोणीतरी एसीचं बटण 'हाय'वरून 'लो'वर फिरवतं, तोच शरद. १९९६ साली मात्र तो हिद्दच्या एका पाइप कंपनीत कॅटलॉगमधून आला.

कंपनीचं हेड ऑफिस हॉलंडला. फेब्रुवारीत तिथले पाहुणे येतील तेव्हा दारात ट्यूलिप फुललेले असावेत, अशी कल्पना ॲडमिन मॅनेजर सलीलसाहेबांना सुचली. साहेब पुण्याचे, सुचण्याचं काम ते स्वतः करत, बाकीच्या कामाला माणूस नेमत. नेमला गेला स्टोअर क्लार्क नजीब. गाव रत्नागिरीजवळचं, आणि बागकामाचा अनुभव म्हणजे लहानपणी दुसऱ्यांच्या कलमांवर मारलेले दगड.

नजीबचा अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये तळाशी दोन वर्षं पडून होता. फॅमिली व्हिसाला कंपनीचं पत्र लागतं, पत्राला सही लागते आणि सहीला मूड. बायको नूरबानो आणि पाच वर्षांची सुहा गावी. सुहा बापाला फोनवरच्या आवाजावरून ओळखायची. सुट्टीत तो समोर आला की आईमागे लपायची.

"फुलं येऊ द्यात, नजीबभाई," साहेब म्हणाले. "पाहुण्यांच्या देखत सही करतो."

कॅटलॉगात साठ जाती होत्या. नजीबने तो आठवडाभर चाळला आणि शुक्रवारच्या फोनवर बायकोला रंग विचारला. तिने आधी वास विचारला. वास नसतो म्हटल्यावर ती म्हणाली, मग पिवळी घ्या, लांबून तरी सोनचाफा वाटेल. नजीबने पिवळ्यावर खूण केली.

शंभर कंद आले. लावण्याआधी त्यांना आठ-दहा आठवडे थंडीत ठेवायचं असतं, म्हणजे हिवाळा होऊन गेला अशी त्यांची समजूत होते. ऑफिसच्या फ्रिजमध्ये साहेबांचं ताक असे, तेव्हा कंद मुहर्रकला नजीबच्या खोलीवर गेले. तिथे पाच जणांत एक फ्रिज. सोबतचा कागद डच भाषेत होता, पण चित्रं होती. एक कंद, एक फ्रिज, आणि एक सफरचंद, त्याच्यावर लाल फुली. नजीबने बराच विचार करून अर्थ लावला: हे फळ नव्हे, खाऊ नये. कागद त्याने फ्रिजच्या दारावर चिकटवला, कारण स्वयंपाकाची पाळी असलेल्या ताहिरने तोवर सुरी काढली होती.

"दिसायला कांदा, आणि कापायचा नाही," ताहिर म्हणाला. "ह्याला पण व्हिसा लागतो काय?"

मग प्रश्न आला फ्रिजमधल्या बांगड्यांचा. आधीच बिनवासाच्या फुलांना उद्या बांगड्यांचा वास लागला तर पाहुण्यांना काय सांगायचं? नजीबने सगळ्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. बांगडे हद्दपार झाले. रिकाम्या जागेत पुन्हा कोणी मासे कोंबू नयेत म्हणून तो दर आठवड्याला सफरचंदं आणून कंदांभोवती मांडू लागला. फ्रिज उघडला की कसा प्रसन्न वास यायचा. जी फुलं कधी बघायलाही मिळणार नव्हती, त्यांच्यासाठी चार माणसांनी दोन महिने मासे त्याच दिवशी आणून त्याच दिवशी संपवले. इतका मान त्या खोलीत माणसांनाही नव्हता.

डिसेंबरात नॅशनल डेच्या सुट्टीत नजीबने कंद लावले, टेपने अंतर मोजून, टोकं वर करून. जानेवारीत पानं आली. ती बघायला साहेब स्वतः खाली उतरले. परत जाऊन त्यांनी तळाचा अर्ज काढून ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला, हे नजीबने डोळ्यांनी पाहिलं. त्या शुक्रवारी त्याने बायकोला सांगितलं, सुहाचा पासपोर्टचा फोटो काढून घे.

फेब्रुवारीत पाहुणे आले तेव्हा वाफा हिरवागार होता. पातीच्या कांद्याचा असतो तसा. फूल एकही नव्हतं. पाहुण्यांतला म्हातारा उकिडवा बसला. त्याने एक कंद उपटून चाकूने उभा चिरला आणि आत वाळून कागद झालेली कळी दाखवली. फ्रिजमध्ये शेजारी काय होतं, त्याने विचारलं. आता खरेपणाचाच काय तो उपयोग होईल असं वाटून नजीबने सांगितलं, मासे सगळे काढले होते सर, फक्त सफरचंदं.

म्हातारा हसला नाही. सफरचंद पिकताना हवा सोडतं, तिने कंदातली कळी आतल्या आत मरते, एवढं त्याने समजावलं. कागदावर तेच चित्र होतं. माशांनी काही झालं नसतं. आणि हे कंद आता टाकून द्या, इथल्या उन्हात ते पुन्हा फुलायचे नाहीत.

"पुढच्या ऑक्टोबरात बघू. इंशाल्ला," सलीलसाहेब म्हणाले. एरवी ते हा शब्द वापरत नसत. संध्याकाळी अर्ज पुन्हा तळाशी होता.

शुक्रवारी नूरबानोने सांगितलं, फोटो काढला. सुहा हसली नाही, पण फोटोवाला म्हणाला, पासपोर्टला तसंच लागतं. मग तिने विचारलं, "फुलं आली?"

"पानं आली," नजीब म्हणाला. "भरपूर आली."

"कंद टाकू नका हां. आपल्या परसातला निशिगंध नाही का, एक साल रुसतो, दुसऱ्या साली येतो."

"ठेवतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंद उपटून, माती झाडून, पिशवीत भरून त्याने खोलीवर आणले. फ्रिजमध्ये बांगडे आपल्या जागी परत आले होते. पिशवी बघून ताहिर उठला आणि बांगडे बाहेर काढायला त्याने हात घातला.

"राहू देत," नजीब म्हणाला. "त्यांचा त्रास नाही."