विहिरीवरचा हुंकार

मांजरी गावच्या हिंदुरावांच्या उसाला पाणी मिळालं नाही, आणि खापर फुटलं त्यांच्या लेकीच्या, वैष्णवीच्या प्रोग्रॅमवर. चूक त्याचीच होती म्हणा. विहिरीवरची मोटार सुरू झाली की तिथला छोटा बोर्ड घरच्या संगणकाला निरोप धाडायचा. बंद झाली की दुसरा. मधे गप्प. पण विहिरीवरची वीज गेली की मोटारीबरोबर बोर्डही गार. मग 'बंद' सांगणार कोण? पडद्यावर आपलं 'चालू' तसंच.

"तुझं यंत्र म्हणतंय चालू हाय, ऊस म्हणतोय कोरडा हाय," हिंदुराव म्हणाले. "उद्यापासून मी आपला जाऊनच बघतो."

दुखऱ्या गुडघ्यांनी वडिलांनी बांध तुडवू नयेत, म्हणून तर तिनं कॉलेजात शिकलेल्या सी भाषेत हे सगळं लिहिलं होतं. तिनं पुस्तक उघडलं. प्रोग्रॅम ज्या सॉकेटमधून, म्हणजे जोडणीच्या टोकातून, बोर्डाशी बोलतो, त्याला काही पर्याय लावता येतात. त्यातला 'कीप-अलाइव्ह' म्हणजे समोरचा गप्प बसला तर "आहेस ना?" असं विचारणं. तिनं तो लावला, विहिरीवर जाऊन वीज तोडली आणि घरी आली. पडद्यावर 'चालू'!

ती कपाळाला हात लावून बसली. पलीकडे तिची आई, आनंदीबाई, नातीला गोष्ट सांगत होत्या.

"राजा निघाला शिकारीला. अवनी, हुंकार दे."

"हं."

"वाटेत लागलं रान. हुंकार?"

"हं... आजी, सारखं काय गं?"

"मग गोष्ट संपल्यावर विचारू? तोवर तू घोरशील, नि मी भिंतीला सांगत बसेन!"

वैष्णवीनं पुन्हा पुस्तक ओढलं. कीप-अलाइव्ह विचारणार होतंच. पण वेगळं काही सांगितलं नाही, तर पहिल्यांदा दोन तासांनी! किती वेळानं विचारायचं, उत्तर नाही आलं तर पुन्हा कधी, आणि किती वेळा, याचे पर्याय निराळे होते. तिनं तेही लावले, विहिरीवर जाऊन वीज जोडली, मोटार सुरू केली आणि परत आली. तास गेले, सेकंद आले.

"अण्णा, एकदाच विहिरीवर जा. मेन स्विच पाडा नि फोन करा."

"गुडघे दुखू नयेत म्हणून आधी मलाच चालव," म्हणत हिंदुराव गेले. फोन आला. "पाडला. काय म्हणतंय?"

"अजून चालूच. थांबा जरा."

अर्ध्या मिनिटात अक्षरं बदलली.

"अण्णा, 'संपर्क नाही' आलं! मोटारीचं ठाऊक नाही म्हणतंय."

"ठाऊक नाही म्हणतंय? मग खरं बोलतंय की. वैष्णे, ओढ्यावरच्या मोटारीलाबी असलाच बोर्ड बसव. ती लई लांब हाय."