भेगेतलं पाणी

मशीन खोटं बोलत नाही, असं आमचे ऑफिसातले मोठे साहेब उठसूट सांगतात. त्यांना एकदा केंदूरला आणून माझ्या ताईबाई मावशीसमोर उभं करायला हवं.

मावशी राहते त्या बौद्धवस्तीत पाणीयोजनेचं नवं बोअर पाडलं होतं आणि ते तपासायला नेमकं मलाच पाठवलं. चुंबकं भरलेलं लांबुडकं यंत्र केबलला बांधून खाली सोडायचं. भोकात साठलेल्या पाण्याशी त्याला देणंघेणं नसतं. भिंतीपलीकडच्या दगडातल्या पाण्याला ते डिवचतं आणि उत्तर किती वेळ येत राहतं ते मोजतं. चिकणमातीनं धरून ठेवलेलं पाणी लगेच गप्प होतं, ते पंपाला कधी मिळत नाही. मोकळं पाणी बराच वेळ बोलत राहतं. काल तांबड्या मातीचा थर चटकन गप्प झाला आणि त्याच्या वरचा भेगाळ खडक तर कोरडा ठणठणीत निघाला.

"उद्या योजनेच्या साहेबांसमोर पुन्हा मोजायचंय," मी मावशीला म्हणाले. "पण आशा ठेवू नकोस."

"म्हंजी पुन्ना आप्पांच्या विहिरीवर हंडा घिऊन उभं ऱ्हायचं."

आप्पा म्हणजे पोपटराव, पाणीसमितीचे अध्यक्ष. टँकर चुकला की वस्तीला त्यांच्या विहिरीवर जावं लागायचं, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या आधी आप्पांची मर्जी आटायची. मावशी उठून चुलीकडे वळली. मला वाटलं, समजली.

आज योजनेचे इंजिनिअर सत्यजीत साहेब आले, आप्पा आले, सगळी वस्ती बोअरभोवती जमली. ऊन मी म्हणत होतं. मी यंत्र सोडलं आणि लॅपटॉपवर रेघ चढायला लागली. काल कोरडा असलेला तोच भेगाळ खडक आज पाण्यानं भरला होता. मोकळ्या पाण्यानं. पुन्हा मोजलं. तेच.

"पाणी आहे?" साहेबांनी विचारलं.

"दिसतंय तरी."

लोकांत एकदम कुजबुज उठली. काल केबलचं कनेक्शन ढिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला समजायचंच होतं. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं. योजनेत वस्तीला एकच बोअर होतं. हे नापास झालं असतं तर दुसरी जागा शोधता आली असती. पास होऊन पुढं कोरडं पडलं, तर कागदोपत्री वस्तीला पाणी मिळालेलं आणि विषय संपलेला.

आप्पांनी रुमालानं मान पुसली. या वस्तीत त्यांनी आजवर चहाच्या कपालाही हात लावला नव्हता. आज मात्र चार माणसांत मोठेपणा दाखवायची संधी होती.

"पाणी लागलं म्हणायचं," ते म्हणाले. "पाजा की मग आम्हाला, ताईबाई."

कुणीच हललं नाही.

या वस्तीत पाहुणा टेकायच्या आत हातात तांब्या येतो. आज साहेबांनाही कुणी पाणी विचारलं नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. दारादारांत हंडे पालथे पडले होते. कालच संध्याकाळी टँकर येऊन गेला होता.

मी मावशीला बाजूला घेतलं. "बोअरमध्ये ओतलंत?"

"व्हय," ती हळूच म्हणाली. "समद्यांनी. तू आपली हायस, तेजश्री. तुझ्या हातनं पानी न्हाई म्हनून लिहिलं जाऊ नये, आन् आप्पांच्या दारात जाणं सुटावं. सही घे आन् गप ऱ्हा."

लेकरांच्या तोंडचं पाणी त्यांनी माझ्यासाठी भोकात ओतलं होतं. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

"मावशी, पंप हे पाणी तासाभरात उपसून टाकेल. मग दुसरं बोअर मागायला तोंड राहील का?"

तिनं पदर तोंडाशी नेला.

मी साहेबांकडे गेले. "सही नको. आजचं माप धरता येणार नाही. या दगडात बाहेरून पाणी गेलंय. कालचंच माप खरं. दुसरी जागा पाहायला हवी."

"कुणी घातलं पाणी?" साहेबांनी दरडावून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं आली. "आम्ही. प्यायचं व्हतं ते."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. आप्पा हसतील म्हणून मी दात आवळून उभी राहिले. ते हसले नाहीत. पालथ्या हंड्यांकडे पाहत राहिले.

"माझ्या विहिरीवरनं आणायचं व्हतं," शेवटी ते म्हणाले.

"तेच नको व्हतं, आप्पा," मावशी म्हणाली.

मग ती आमच्या जीपपाशी गेली, माझी अर्धी उरलेली बाटली काढली, घरातनं पेला आणला आणि त्यात ओतून आप्पांसमोर धरला. पाहुण्यानं पाणी मागितलं होतं.