मी संजनाची आपत्तीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. झाकण उघडताना मी कुरकुरते आणि बोलतानाही कुरकुरणारच, आधीच सांगून ठेवते.

नाशकातल्या भद्रकालीत एका कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं. लताबाईंच्या लग्नात मी साड्या पोटात घेऊन या घरी आले. पुढे लोखंडी कपाट आलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कितीतरी वर्षं धूळ खात पडले. मग एके दिवशी त्यांची सून संजना मुलीच्या शाळेतल्या सभेहून आली. पूर आला तर घरात काय तयार हवं, हे तिथे सांगितलं होतं. तिने मला खाली काढलं, घासलं, लाल रंग दिला. आत बॅटरी ठेवली, दोरी, मेणबत्त्या, काडेपेटी, चिक्की, पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. आणि सगळ्यात वर लताबाईंचा दम्याचा जादा पंप. "यातलं काही घेतलं, तर त्याच दिवशी दुसरं आणून ठेवायचं," तिने सगळ्यांना बजावलं. काय सांगू, मला केवढा मान वाटला!

तो मान चार महिने टिकला. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा संजनाच्या नवऱ्याने, सोमनाथने, बॅटरीतला सेल काढून त्यात घातला. "उद्या आणतो," म्हणाला. दोरी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. चिक्की त्यांच्या आरोहीने खाल्ली आणि कागद माझ्यातच दडवले, लबाड कुठली! लताबाई भाचीच्या लग्नाला येवल्याला निघाल्या, तेव्हा पंप त्यांनी पिशवीत टाकला. परत आल्या त्या नवरीच्या पैठणीचं कौतुक करत. पंप तिकडेच राहिला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला त्यांच्याशी बोलता येत असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

मग तो शनिवार आला. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आमच्या नाशकात पूर मोजतात तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर. सोमनाथने बातम्या बघून सिन्नरच्या कारखान्यातून फोन केला, "मारुतीच्या गुडघ्यालाच पाणी आहे गं. छातीला लागलं की निघा." सगळे निर्धास्त झाले. अरे, पण आपलं घर गोदावरीच्या काठी आहे का? आपल्या घरामागे नाला आहे! तो काय मारुतीला विचारून चढतो?

भर दुपारी मागच्या दारातून पाणी आत आलं. वीज गेली. खोलीत अंधारून आलं आणि लताबाईंना धाप लागली. त्यांचा रोजचा पंप सकाळीच संपला होता. पण पेटीत एक आहे ना, म्हणून संजना पावसात औषधाच्या दुकानात गेली नव्हती.

तिने मला ओढून पलंगावर ठेवलं, झाकण उघडलं. बॅटरी लागेना. तिचा हात माझ्यात चाचपडत राहिला आणि चिक्कीचे कागद वर आले.

"आई, पंप कुठंय? इथेच ठेवला होता मी!"

लताबाईंना बोलता येईना. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आरोहीने किंकाळी फोडली, तशी शेजारचे बुद्धभूषण पाणी तुडवत आले. त्यांनी आणि संजनाने लताबाईंना खुर्चीत बसवून उचललं. कागदपत्रांची पिशवी डोक्यावर घेऊन आरोही मागोमाग गेली. मी तिथेच पलंगावर उघडी राहिले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लताबाईंचे ओठ निळे पडले होते, हे मला नंतर कळलं.

पाच दिवसांनी त्या घरी आल्या. सोमनाथ संजनावर बरसला, "पेटी तुझी ना? एवढंही लक्ष ठेवता येत नाही?" संजना भिंतीवरचा चिखल खरवडत होती.

"तिला का बोलतोस?" लताबाई म्हणाल्या. आवाज अजून खोल गेलेला होता. "पंप मी नेला येवल्याला. आणि तो सेल कोणी काढला रे?"

सोमनाथने आपणहून खराटा उचलला.

आता दर संकष्टीला सकाळी लताबाई मला उघडायला लावतात. उपास त्या कधी चुकवत नाहीत, म्हणून तो दिवस ठरला. एक एक वस्तू बाहेर काढून बघतात. बॅटरी लावून बघतात. पंपावरची तारीख आरोही मोठ्याने वाचते. पाणी चढलं की घर सोडायचं ते आता मागच्या नाल्याकडे बघून, हेही ठरलंय.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर आज एकदा उघडून बघा. तिच्यातलं काही घेतलंत, तर परत ठेवणं उद्यावर टाकू नका. मी कळकळीने सांगतेय, कारण त्या दिवशी मी घरातच होते आणि माझा काडीचा उपयोग झाला नाही.

मागच्या आठवड्यात घड्याळ पुन्हा बंद पडलं. आरोही माझ्याकडे आली. "आजी, एकच सेल घेते. उद्या ठेवते."

"नको गं बाई," लताबाई म्हणाल्या. "राहू दे घड्याळ बंद."

सोमनाथने नवा सेल आणेपर्यंत दोन दिवस आमच्या भिंतीवर सव्वाचारच वाजले होते. वेळ विचारायला लताबाई बुद्धभूषणांच्या दारात जात होत्या.