चौथी पायरी

बाजारात तिला सगळे निम्मेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. वस्तू कुठलीही असो, बाई सुरुवात करणार ती निम्म्या किमतीपासून. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, त्यामुळे कापडाचे व्यापारी तर ती लांबून दिसली की आधीच भाव चढवून ठेवत. तरी जिंकायची तीच. कारण ती एकटी नसायची, बरोबर तिचे बाबा असायचे.

बाबांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं. बापलेकीचा हा खेळ ती दहा वर्षांची असल्यापासूनचा. तिची पहिली सायकल घेताना बाबांनी चाक फिरवून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "चाक लंगडतंय." लेकीने लगेच त्यांची बाही ओढली, "असू द्या ना बाबा, मला आवडलीय." एकीकडे बापाचं नाक मुरडणं, दुसरीकडे लेकीची गयावया. मध्ये सापडलेला दुकानदार बिचारा पार वितळून जायचा. चाक लंगडत नव्हतंच, बरं का! पुढे कपाट घेतलं, शिलाई मशीन घेतलं, दुकानातला मोठा आरसा घेतला. प्रत्येक वेळी बाबांना खोट सापडली आणि घरी येईपर्यंत दोघं पोट धरधरून हसली.

तिने याचं एक शास्त्रच करून ठेवलं होतं. विकणारा माणूस चार पायऱ्या उतरतो, असं ती म्हणायची. आधी हसतो. मग चिडतो. मग रडतो, "ताई, पोटावर पाय देऊ नका" म्हणतो. आणि चौथ्या पायरीवर देतो. "न रडता जो देतो ना, त्याच्याकडून काही घेऊ नये," हेही तिचंच वाक्य. माणसाला अक्कल असते हो. ती वेळेवर आठवत नाही, एवढंच.

मुलगी चिऊ पोटात असताना निम्मेबाईचा नवरा आजाराने गेला. त्यानंतरच्या नऊ वर्षांत या तिघांनी भाड्याची सहा घरं बदलली. प्रत्येक घरात बाबा नातीला दाराच्या चौकटीला उभं करायचे आणि डोक्यावर पेन्सिलची रेघ मारायचे. प्रत्येक घर सोडताना मालक त्यावर रंग फासायचा. शेवटच्या घरातून सामान निघालं तेव्हा चिऊने विचारलं, "आई, मी पाच वर्षांची असताना केवढी होते, हे आता कुणालाच माहीत नाही का?" त्या रात्री निम्मेबाईने ठरवलं की पुढची चौकट आपली. होतं नव्हतं ते सगळं त्यात घालायचं. दुसऱ्यांदा एवढी पुंजी जमणार नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं.

इमारत नवीकोरी होती. सात मजले, रंगाचा वास अजून ताजा. फाटकाशी रखवालदाराची छान केबिन होती, पण रखवालदार मात्र रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून भर उन्हात बसलेला.

"काय हो, सावली चावते की काय?" तिने जाता जाता टोमणा मारला.

"इथून बरं दिसतं," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

जिन्यात तिने बाबांच्या कानाला लागून सांगितलं, "आज जीव ओतून नाक मुरडा. जन्मातला सगळ्यात मोठा सौदा आहे."

"तू बघच," बाबा म्हणाले. ते रंगात होते.

घर दुसऱ्या मजल्यावर. दाखवायला बिल्डर स्वतः आला होता. मऊ बोलणारा, गुळगुळीत दाढीचा माणूस. बाबांनी नळ सोडून पाहिला, "धार बारीक आहे." फरशीवर टाच आपटली, "पोकळ वाजतेय." ओट्यावरून हात फिरवला, "खरखरीत." बिल्डर हसला. पहिली पायरी, निम्मेबाईने मनात नोंद केली आणि बाही ओढली, "जाऊ द्या ना बाबा, आवडलंय मला."

मग सगळे आतल्या खोलीत गेले. ही चिऊची खोली व्हायची होती. बाबांनी खिडकी लावायला घेतली. ती वरच्या कोपऱ्यात घासली. जोर लावला तशी लागली, पण खालच्या कोपऱ्यात फट राहिली. त्या फटीत बाबांनी करंगळी घातली आणि तसेच उभे राहिले. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा वर गेलेला एक पट्टा बाकी भिंतीपेक्षा जरा जास्तच पांढरा होता. बाबांनी खिशातून ओळंबा काढला, भिंत सरळ उभी आहे का ते तपासायचा. म्हातारा तो अजूनही जवळ बाळगायचा, लोक किल्ली बाळगतात तसा. दोरीच्या वरच्या टोकाचा लाकडी ठोकळा त्यांनी हात उंच करून भिंतीला टेकवला आणि खालचं पितळी वजन स्थिर व्हायची वाट पाहिली. वजन भिंतीपासून बोटभर दूर लटकत राहिलं.

"भिंत ओळंब्यात नाही," बाबा म्हणाले.

वाहवा! निम्मेबाईला टाळी वाजवावीशी वाटली. इतक्या वर्षांत बाबांनी ओळंबा कधी काढला नव्हता. आवाज काय खाली आणला होता, चेहरा काय पांढरा पाडला होता! तिने घाईघाईने बाही ओढली, "असू द्या ना बाबा. तिथे आपण कपाटच लावणार आहोत."

"अगं, बोटभर," बाबा तिच्याकडे वळून म्हणाले. बाही त्यांनी सोडवून घेतली. हे खेळात नव्हतं.

आता बिल्डर चिडणार, म्हणून ती सरसावून उभी राहिली. बिल्डर चिडला नाही. त्याने ओळंब्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हातावरच्या जुन्या घट्ट्यांकडे पाहिलं. त्याची हनुवटी जरा हलली.

"किती कमी करू?" त्याने विचारलं.

तिला सात टक्के मिळाले असते तरी ती नाचली असती. घराला निम्मं म्हणायचा धीर झाला नाही, तिने वीस म्हटलं.

"चालेल," बिल्डर म्हणाला. "पण आजच्या आज कागद करू."

तिच्या मनात पाल चुकचुकली. नाही म्हणू नका, चुकचुकली. हा माणूस चिडला नाही, रडला नाही, पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उतरला. पण वीस टक्के म्हणजे काय असतात, हे ज्याने सहा घरांचे पडदे काढून पुन्हा लावलेत त्यालाच विचारा. पाल एकदा चुकचुकून गप्प झाली, आणि ती कागदाची तयारी करायला सांगून पैशांच्या व्यवस्थेसाठी बाहेर पडली.

बसमध्ये तिला हसू आवरेना. "बाबा, कमाल केलीत! ओळंबा काय, आवाज काय!"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "मी नाटक केलं नाही," ते म्हणाले. "नको घेऊ ते घर."

"अहो, सौदा ठरलाय. आता कशाला?"

"ऐक. भिंत वाकडी बांधली असती तर गवंड्याने गिलाव्यात सरळ करून घेतली असती. तेवढं तर शिकाऊसुद्धा करतो. आणि खिडकी कुणी अशी बसवत नाही. ती सरळच बसवलेली होती. वाकडी बांधलेली भिंत वेगळी, पोरी, आणि वाकडी झालेली वेगळी."

"मग त्याने वीस टक्के सोडले ना त्याचे!"

"मी किंमत पाडत नव्हतो गं!"

बाबा एवढ्या मोठ्याने बोलले की पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. ती ओशाळली. मग तिला राग आला, आणि राग आला की तिची जीभ सुटायची. "पंचवीस वर्षं तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसली. सायकलीत दिसली, कपाटात दिसली. एकतरी खरी निघाली का? आता नातीचं घर होतंय तर त्यातही खोट!" बाबा परत खिडकीबाहेर बघू लागले. जन्मभर दोघांनी मिळून जे पेरलं, तेच उगवलं होतं.

संध्याकाळी कागद झाले. त्यात एक वेगळं पान होतं. घरातले सगळे दोष खरेदीदाराने प्रत्यक्ष पाहिले आहेत, भिंतीच्या दोषाबद्दल सूट घेतली आहे, पुढे याबाबत तक्रार करणार नाही. तिने ते दोनदा वाचलं. तिच्या स्वतःच्या दुकानात पाटी होती, 'एकदा नेलेला कपडा परत घेतला जाणार नाही.' रास्तच आहे की, असं म्हणून तिने सही केली. बिल्डरने शाई वाळेपर्यंत पानावरचं बोट उचललं नाही.

घर लावून झालं. आतल्या खोलीच्या चौकटीवर चिऊची पहिली रेघ ओढली गेली, खाली तारीख. त्याच दिवशी बाबांनी खोलीच्या छताला खिळा ठोकून ओळंबा लटकवला आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर पेन्सिलने एक ठिपका काढला.

"हे काय, आजोबा?" चिऊने विचारलं.

"तुझी रेघ तशी घराची."

"घर पण वाढतं?"

"बघू या," बाबा म्हणाले.

पहिला महिनाभर टोक ठिपक्यावरच होतं. निम्मेबाई रोज येता-जाता म्हणायची, "बघा, बघा!" बाबा वाकून ठिपका तपासत. दुसऱ्या महिन्यात त्यांना नवा ठिपका काढावा लागला. मग आणखी एक. सगळे एका ओळीत, खिडकीच्या दिशेने. मधल्या खोलीचं दार आपोआप उघडायला लागलं. लावलं की थोड्या वेळाने, कुणी पाहुणा आत यावा तसं, सावकाश उघडायचं. चिऊची गोटी कुठेही सोडली तरी घरंगळत एकाच कोपऱ्यात जाऊन थांबायची, आणि चिऊला त्याची भारी गंमत वाटायची. जास्तीचा पांढरा पट्टा आता मधोमध तडकला होता. त्या तड्यात नख शिरत होतं.

ती बिल्डरच्या कचेरीत गेली. तिथल्या मुलीने अदबीने पाणी दिलं आणि तेच पान काढून समोर ठेवलं. "मॅडम, ही सही तुमचीच ना?" सही तिचीच होती, चांगली ठसठशीत. बिल्डर मात्र भेटला नाही.

परत येताना ती रस्ता ओलांडून रखवालदारासमोर उभी राहिली. "खरं सांगा, केबिन सोडून इथे का बसता?"

त्याने मान वर करून सातव्या मजल्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "ताई, माझीही पोरं लहान आहेत."

त्या दिवसापासून चिऊचं अंथरूण दारापाशी आलं. निम्मेबाईची झोप उडाली. भिंतीत काही करकरलं की ती ताडकन उठून बसायची आणि पोरीच्या छातीवर हात ठेवायची. एका सकाळी बाबांनी चिऊला चौकटीशी उभं केलं. पोर वर्षात दोन बोटं वाढली होती. मग ते गुडघ्यावर बसले आणि फरशीवर ओळंब्याचे ठिपके मोजू लागले. पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यात दोन बोटं बसली, वर आणखी अर्धं.

"विकू या," निम्मेबाई म्हणाली.

बाबांनी मान वर केली. "घेणाऱ्याला सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

"तुला न विचारता सांगितलं होतं, तरी तू घेतलंस."

"बाबा, सांगितलं तर घेणार कोण? मग पोरीला घेऊन जाऊ कुठे? सातव्या भाड्याच्या घराचेही पैसे नाहीत माझ्याकडे!" ती ओरडली आणि मग रडली. बाबांनी ओळंबा उतरवला, दोरी गुंडाळली आणि खिशात ठेवला. ठिपक्यांवर तिने स्वतःच्या हाताने चटई अंथरली. तडा लिंपला, वर पांढरा हात दिला. खिडकीचा वरचा कोपरा कानशीने घासून मोकळा केला.

रविवारी एक जोडपं घर बघायला आलं. नवरा काटकुळा, चष्म्याचा. बायकोला सातवा महिना असावा, जिना चढून धापा टाकत होती. नवऱ्याने ओट्यावरून हात फिरवला आणि नाक मुरडलं, "खरखरीत आहे." फरशीवर टाच आपटली, "पोकळ वाजतेय." बायकोने हळूच त्याची बाही ओढली, "असू दे ना रे, मला आवडलंय."

निम्मेबाईने आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

दोघं आतल्या खोलीत गेली. बायको चटईवर उभी राहून चौकटीकडे बघत होती. "इथे उंची मोजलीय का कुणाची? किती गोड!" ती म्हणाली. "आपणही मोजू." तेवढ्यात मागचं दार सावकाश उघडलं. नवऱ्याने ते लावलं, ते परत उघडलं. त्याने बायकोला डोळा मारलेला निम्मेबाईने स्पष्ट पाहिला.

"दार नीट लागत नाही हो," तो मोठ्या गंभीरपणे म्हणाला. "मला तर भिंतच कललेली वाटतेय."

आता हसायला हवं होतं, मग चिडायला, मग रडायला. तिला सगळं पाठ होतं.

"किती कमी करू?" तिने विचारलं.

बायकोचा चेहरा आनंदाने फुलला. तिने नवऱ्याचा दंड गच्च धरला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा उठले, त्यांचा हात खिशात होता. "नीट बघा," ते म्हणाले. "अजून नीट बघा. घाई करू नका."

"आजोबा, तुम्ही आमच्या बाजूचे की काय?" नवरा हसत म्हणाला, आणि त्याची बायकोही हसली, पोटावर हात ठेवून.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते तिनेच बोलायचं होतं. निम्मेबाईने चटईचं दुमडलेलं टोक पायाने सरळ केलं.

"चहा घेणार ना?" ती म्हणाली. "तोवर कागदाचं बोलू."